माझं ओलं पातळ आणि इराचं नाक

८ जाने., गुरुवार
आज परत इराच्या नाकातून रक्त. उशीवर दोन ठिपके. हीटरची हवा, दुसरं काय! इथे परदेशात पापड घरात वाळतात, तर आठ वर्षांच्या पोरीचं नाक ते काय. सूनबाई म्हणाली, "आई, तुमची खोली सगळ्यात ड्राय आहे. इराला तिच्या बेडरूममध्ये झोपवू या." मी म्हटलं, नात माझ्याजवळच झोपणार. माझा लेक नंदू मधे पडला. हवेत ओल सोडणारं मशीन आणू, दहा दिवस बघू. रक्त थांबलं तर राहील आजीकडे.
बघाच म्हणावं.

१० जाने., शनि.
दुकानात नंदू खोक्यांवरचं वाचत बसला. मी मशीनची तोंडं बघितली. आत हात जात नाही ते घासायचं कसं? कळशीसारखं रुंद तोंडाचं घेतलं. बिनआवाजाचं. खोलीतल्या ओलीचा आकडापण दाखवतं, तो चाळिसाच्या वर हवा. नंदू म्हणतो, "आई, तू एक्स्पर्ट निघालीस!" चौथी शिकलेय, पण पाणी जन्मभर भरलंय. खारीक मात्र दुकानात मिळाली नाही.

१३ जाने., मंगळ.
काय सांगू! सकाळी देवांवर पांढरी भुकटी. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळ्यांवर. अंगाराच! कपाळाला लावला, इराला लावला, नागपूरला मैत्रिणीला, शकूला फोन केला.
सूनबाईनं कपाटावर बोट फिरवलं. तिथेही तीच भुकटी. "आई, पाण्यातला क्षार आहे हा. डिस्टिल्ड वॉटर घाला म्हटलं होतं ना?"
मी रोज उकळून गार केलेलं घालत होते. मला वाटलं तेच ते. विकत मिळतं म्हणे, कॅनमधे. हसून हसून पोट दुखलं. शकूला अजून सांगितलं नाही. तिनं भजनी मंडळात सांगून टाकलंय.
पण रक्त नाही आलं, हां.

१६ जाने., शुक्र.
काल कॅन संपला. मशीनची वाफ बंद, आकडा तेवढा चालू. बाहेर कपडे वाळत घालायला सोसायटीची बंदी, म्हणून माझं धुतलेलं पातळ खुर्च्यांवर पसरलं खोलीतच. सकाळी आकडा ४३! मशीनच्या वाफेनं ४१ होता. इराचं नाक ठणठणीत, रक्त नाही.
सूनबाई : "आई, भिंतीला बुरशी येईल."
मी : "तू भिंत जप. मी नाक जपते."
इरा टाळ्या वाजवत, "गो आजी!"

१८ जाने., रवि.
दहा दिवस झाले. आठ तारखेनंतर रक्ताचा थेंब नाही. पण खिडकीखाली काळा ठिपका सापडला. सूनबाई म्हणते बुरशी. मी म्हणते इराचं स्केचपेन. इराला विचारलं तर नुसती हसते. मी पुसून बघितला, निघाला नाही. हे कुणाला बोलले नाही.
नंदू : "अजून आठवडाभर बघू या."
सूनबाई : "ठिपका वाढला तर?"
वाढू दे, मग बघू. इराची उशी माझ्याच पलंगावर आहे. मशीन भरलंय, कॅनच्या पाण्यानं. पातळही पसरलंय, खिडकीपासून लांब. दोघं मिळून लागा कामाला, म्हटलं.