डाव्या कानाशी बोललेलं

माय, तुला लिहायला बसले खरी, पण तुला वाचता कुठं येत होतं! आणि येत असतं तर मी हे लिहिलंच नसतं, इतकी मी भित्री. परवा आपल्या धाकट्याची, माझ्या भावाची, नात येऊन गेली. तिला पाणबुडी व्हायचंय, पोटापाण्याचा धंदा म्हणून. पाठीवर हवेची टाकी बांधून धरणाच्या दारांशी, पुलांच्या खांबांशी खाली उतरायचं. त्याचं रीतसर शिक्षण असतं, परीक्षा असते, डॉक्टर आधी कान तपासतो म्हणे. तिनं नियमांचं पुस्तक वाचून दाखवलं. पडसं असलं तर उतरायचं नाही. कानातला दाब सोडल्याशिवाय आणखी खाली जायचं नाही. काही बिनसलं तर लगेच वर कळवायचं. मला हसूच फुटलं. अगं, हे बठ्ठं, अगदी सगळं, तू चुलीपुढं बसून सांगायचीस, तेही हातात उलथणं घेऊन!

अमळनेरच्या अलीकडचं आपलं गाव. बाप गेल्यावर त्याचा दोर तू स्वतःच्या कमरेला बांधलास आणि कासोटा मारून विहिरीत उतरलीस. आधी लोक हसले, मग तेच बोलवायला येऊ लागले. कुणाची घागर पडलेली, कुणाच्या इंजिनाच्या पाइपाची झडप खाली पाल्यानं तुंबलेली. मला मात्र तू स्वयंपाकघरात शिकवलंस. कळण्याची भाकरी तव्यावर पडली की मी श्वास कोंडायचा, फुगली की सोडायचा. "अजून नही फुगनी," म्हणत तू मुद्दाम जाळ कमी करायचीस. माझे डोळे बाहेर यायचे आणि तू गालात हसायचीस, दुष्ट कुठली! आणि उतरायच्या आधी ती पितळी थाळी. नाकाखाली धरायचीस. वाफेचे दोन डाग उमटले तर उतरायचं, एकच उमटला तर मुकाट घरी. "नाक बंद शे ना, मंग इहीर बी बंद."

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी एकोणीस वर्षांची. शेजारच्या मळ्यातलं इंजिन पाणी ओढेना, मिरची माना टाकू लागली. तू म्हणालीस, पोरी, या खेपेला एकटी उतर, जमलं तर तुला पक्की म्हणेन. पक्की म्हणजे पुढं माझ्या नावानं बोलावणं येणार. मी किती दिवस त्याची वाट बघत होते! आणि नेमकं त्याच दिवशी मला पडसं. पहाटे तू गोठ्यात असताना मी ओव्याचं पाणी उकळलं, गोधडी डोक्यावरून घेऊन वाफ घेतली. नाक घटकाभर मोकळं झालं. थाळीवर दोन डाग उमटले. तू बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिलीस, मग म्हणालीस, "जाय."

आजही डोळे मिटले की मी तिथं असते. तीन पुरुष खोल पाणी. वर हिरवं, मग शेवाळी, मग नुसतं गार. काठावरची बोलणी विरघळून जातात. वर आभाळ परातीएवढं होतं, मग वाटीएवढं. काही ओझं नाही, वय नाही, घर नाही. असं वाटतं की मी कायमचीच इथली आहे. मी नाक धरून फुंकते. उजवा कान टचकन सुटतो, डावा सुटत नाही. पुन्हा फुंकते. दोराला तीन हिसडे दिले की तू वर ओढून घेशील, पण मग पक्की कोण म्हणणार? मी आणखी खाली जाते. डाव्या कानात काहीतरी फाटतं, आणि विहीर माझ्याभोवती जात्यासारखी फिरू लागते. वर कुठं, खाली कुठं, काही कळत नाही. एका हातानं दोर धरून, दुसऱ्या हातानं चाचपडत मी झडपेतला कुजका पाला उपसते.

वर आले तेव्हा तू पहिलं विचारलंस, "कान?" मी म्हटलं, "ठीक शे." पदरानं तोंड पुसताना रक्तही पुसून टाकलं. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "ही पोर आते पक्की शे." माय, त्या दिवसाइतकी खूश आणि त्या दिवसाइतकी चोर मी पुन्हा कधी झाले नाही. तो कान गेला तो गेलाच. तू डावीकडून हाका मारायचीस आणि मी ढिम्म. पक्की झाली तशी शिंगं फुटली हिला, असं तू बायकांना सांगायचीस. ते मात्र मला बरोबर ऐकू यायचं, आणि फार लागायचं.

चार वर्षांनी धुळ्याच्या दवाखान्यात तू तापानं फणफणत होतीस. संध्याकाळी तू माझी मान धरून खाली ओढलीस आणि नेमकं डाव्या कानाशी काहीतरी बोललीस. मी "हो" म्हटलं. बाहेर धाकटा रडत उभा होता, पंधरा वर्षांचा. "काय म्हननी माय?" तो विहिरीत उतरायला टपलेला, आणि मला त्याच्या कानांची धास्ती. मी सांगितलं, म्हणाली की धाकट्याला पाण्यात उतरू देऊ नको. तो जन्मभर कारकुनी करत राहिला, पांझरा नदीत साधे पायसुद्धा बुडवले नाहीत त्यानं. आणि आता नातीला अडवून बसलाय. मायचा शेवटचा शब्द, म्हणतो.

काल मी फोन केला. "अक्का, तूच तर सांगितलं होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, ते फक्त तुझ्यासाठी होतं. पोरीबाळींबद्दल ती काही बोलली नाही." त्यावर तो हळूच म्हणाला, "म्हणजे मायनं माझं एकट्याचंच नाव घेतलं होतं?" मी म्हटलं, "हो रे." "मंग जाऊ दे पोरीला," तो म्हणाला.

पोर सोमवारी जाईल. तुझ्या नावावर दुसऱ्यांदा खोटं बोलले, त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तेव्हा दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तू शुद्धीवर होतीस. मी उशाशीच बसले होते. "माय, काल काय म्हणालीस ते पुन्हा सांग," एवढंच विचारायचं होतं. पण विचारलं तर कानाचं कळेल, आणि तू मला पक्की म्हणालीस ते परत घेशील, म्हणून मी विचारलं नाही.