तळ्यातल्या माशाचं कालवण

बॉटनी डाउन्स,
९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही ते एका अर्थी बरंच. हे सगळं ओरडून सांगितलं असतं तर शेजाऱ्यांनी पोलिस बोलावले असते.

काल समीरनं मला रोटोरुआच्या बाजूला एका तळ्यावर ट्राउट पकडायला नेलं. आपण अलिबागची माणसं. तळ्यातला मासा म्हणजे चिखल, हे मला काय ठाऊक नाही? तरी लेकाचा उत्साह म्हणून गेलो. दिवसभर बोटीत डोकं तापवून घेतलं आणि शेवटी माझ्याच गळाला लागला. हातभर लांब, कुशीला गुलाबी पट्टा. ताई, दमयंती गेल्यापासून इतका आनंद मला झाला नव्हता. आणि आमच्या चिरंजीवांनी काय करावं? फोटो काढला आणि मासा परत पाण्यात सोडून दिला! या देशात तशी पद्धत आहे म्हणे. धरताना हात ओले करायचे, त्याच्या अंगाला इजा नको म्हणून. तोंडात गळ रुतवला ती इजा नव्हे वाटतं. शिसारी आली मला. खायचं तर मारावं, नाहीतर त्याच्या वाटेला जाऊ नये. अन्नाशी असला खेळ आपल्या घरात कुणी केला नाही.

खरं कारण मला कळतं. सूनबाई पुण्याच्या, शाकाहारी. घरात मासा शिजलेला चालणार नाही, हे समीर तोंडानं सांगत नाही एवढंच. आल्यापासून टोफू गिळतोय. ओला पुठ्ठा बरा. समीरला सांगितलंय, मार्चअखेरचं तिकीट काढ. अलिबागचं घर रिकामं असलं तरी तिथं बोंबलाचा वास तरी येतो.

माझ्यावर लोभ ठेव, उपदेश नको.

तुझा,
मधू


अप्पर हट,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. मधुकरास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र माझ्या लेकीला, ऋग्वेदाला, वाचून दाखवलं. मामा अजून तस्साच आहे म्हणून ती हसली. मला नाही हसू आलं. रिकाम्या घरात जाऊन भांडणार कुणाशी? भिंतींशी?

आणि दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं, या भ्रमात राहू नकोस. स्वतःच्या बायकोच्या, बिचाऱ्या दमयंतीच्या मनातलं तुला कधी कळलं? तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण तू तिकिटावर आलास म्हणून सांगते. तुझ्या सुनेनं, कल्याणीनं, ऋग्वेदाच्या फोनवर मेसेज करून माझ्याकडून कालवणाची कृती मागवून घेतली आहे. मी दमयंतीचीच दिली. तुकड्यांना हळद-मीठ लावायचं, ठेचलेल्या लसणाची फोडणी, तिखट, चिंचेचा कोळ. ट्राउट या देशात दुकानात विकत नाहीत, तेव्हा समीरला पुन्हा तळ्यावर जावं लागेल.

पानात येईल ते तोंड वाकडं न करता खा. टोफूबद्दल मात्र तुझं बरोबर आहे.

तुझ्यावर माया आहेच, डोकं जरा थंड ठेव.

तुझी,
ताई


बॉटनी डाउन्स,
२ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल समीरनं मासा आणला. या खेपेस सोडला नाही. कल्याणी ऑपरेशन थिएटरमधली नर्स, तेव्हा मास्क, ग्लोव्हज असा सगळा जामानिमा करून स्वयंपाकघरात शिरली. मध्ये दोनदा मागच्या दारी जाऊन ओकून आली. मी हॉलमध्ये बसून ऐकत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पान वाढलं. वास थेट दमयंतीच्या लसणाचा. डोळे भरून आले, हे कुणाला सांगू नकोस. पहिला घास घेतला आणि ताई, कडू जहर! कारल्याच्या रसात चिखल कालवावा तसं. वाडग्यात पाहतो तर तुकड्याला आतडं लोंबतंय. तिनं मासा आतून साफच केला नव्हता. पित्त फुटून सगळं कालवण नासलं होतं. समीरनं तर घास रुमालात काढला.

विचारलं तेव्हा पोरगी म्हणाली, आतलं तिला दिसलं होतं. किळसही आली होती. पण तिला वाटलं, तुमच्यात खात असतील. टाकलं तर बाबांना वाईट वाटेल. चूक तुझीही आहे. तू कृती तुकड्यांपासून सुरू केलीस, कारण आपल्या दारात कोळीण यायची आणि पोट काढून, कापून तीच द्यायची.

मी खाल्लं. आतडं बाजूला सारून भाताबरोबर वाडगं संपवलं. इतकं घाणेरडं जन्मात खाल्लं नव्हतं. रात्रभर ढेकरांना तीच चव होती. पण जेवताना वर आणखी रस्सा मागितला. कल्याणीनं वाढला आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली, बराच वेळ.

तिकीट काढू नकोस म्हणून समीरला सांगितलंय. मासा साफ कसा करायचा, हे तिला शिकवल्याशिवाय मला जाता येणार नाही. अडचण एवढीच, की ते मलाही येत नाही. तुला तरी कितपत येतं, याची शंकाच आहे. तेव्हा घाई करू नकोस, सावकाश कळव.

लोभ आहे तो राहू दे. कल्याणीनं नमस्कार सांगितलाय.

तुझा,
मधू