पैकीच्या पैकी

चि. केनेशबेक,

आक-तेरेकच्या मेडिकल कॉलेजात नीतिशास्त्र शिकवताना पेशंटशी कसं बोलावं, याला मी दरवर्षी तुझंच उदाहरण देत आले.

मंगळवारी तू विद्यार्थ्यांना घेऊन राउंडला आलास, तेव्हा आईच्या उशाशी मी होते. डॉक्टर येणार म्हणून तिने डोक्याला धुतलेला पांढरा रुमाल बांधून घेतला होता. तू सगळ्यांसमोर तिचं पांघरूण ओढलंस आणि म्हणालास, "ही म्हातारी शुक्रवारपर्यंत जाईल. खाट दुसऱ्याला सांगून ठेवा." आई शुद्धीवर होती, रे.

मग तुझं लक्ष माझ्याकडे गेलं. "अहो बाई, तुम्ही! तुमचं ते शास्त्र परीक्षेपुरतं ठीक होतं हं!"

पोरं हसली. तुला दुखावलं तर खाट जाईल, या भीतीने मीही हसले.

तुम्ही गेल्यावर आईने एवढंच विचारलं, "तू का हसलीस?" गुरुवारी ती गेली.

काल वर्गात एका मुलीने विचारलं, "बाई, मोठा डॉक्टरच पेशंटचा अपमान करत असेल तर आपण काय करायचं?"

मी म्हणाले, "पुस्तक उघडा."

हे पत्र मी टाकणार नाही. तेवढी हिंमत असती तर मंगळवारीच बोलले असते.

तुला पैकीच्या पैकी गुण देणारी,
बुरुलकान