सव्वा मुठीचं पीठ

नवागाम, सुरत
मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७

चिरंजीव योगराज यास बापाचे आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या मायचा गुडघा पावसात धरतो, तेवढंच. तिकडे तुम्ही सगळे खुशाल असाल असं मी धरून चालतो, कारण तुझं पत्र नाही.

हे पत्र सुट्टी संपवून तिकडे परत निघालेल्या कुंदनच्या शर्टाच्या खिशात आहे आणि डबा त्याच्या मोठ्या बॅगेत. पत्र आधी वाच, डबा मग उघड. उघडताना हात कोरडे ठेव. मोरीतून येऊन तसाच हात घालायची तुला सवय आहे, ती मस्कतला जाऊन गेली असेल असं मला वाटत नाही.

बॅग विमानाच्या पोटात जाणार आहे. मी कुंदनला म्हटलं होतं, बाबा, डबा मांडीवर घेऊन बस. तो म्हणाला, दगाबापू, हातातल्या पिशवीत आईचं लोणचं आहे, पापड आहेत, आता तुमचा डबा मांडीवर घेतला तर जेवणाचं ताट डोक्यावर ठेवू का? तेव्हा बॅगेतच. पण बॅग एकदा तिथल्या माणसाच्या ताब्यात दिली की मग ती आपली राहत नाही. पट्ट्यावरून आत जाते, गाडीत चढते, आणि विमानाजवळ ती गाडी उघड्यावर उभी राहते. श्रावणात, मुंबईला! मी त्याला हे सगळं पुन्हा पुन्हा विचारलं. ताडपत्री असते का, टाकतात का, कोण टाकतं, नाही टाकली तर ओरडायची सोय आहे का. तो म्हणाला, बापू, आपण तोवर काचेच्या आत बसलेलो असतो. मला त्या दिवसापासून झोप नीट नाही.

म्हणून बांधणी कशी केली ते लिहितो. त्याच्या उलट क्रमाने सोड. पीठ धुतलेल्या सुती पिशवीत आहे. ती पिशवी स्टीलच्या डब्यात. झाकणाच्या सांध्यावर माझ्या सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा ताणून बसवला आहे, तो निघताना बोट चेपेल, सांभाळ. त्यावर साड्यांच्या ताग्याला लावतात तो जाड प्लास्टिकचा कागद, दोनदा. डबा बॅगेच्या मधोमध, खाली नाही, कडेला नाही, चेनीजवळ तर नाहीच. चारी बाजूंनी कुंदनचे शर्ट. शर्ट भिजले तर वाळतात, असं मी त्याला सांगितलं. तो नुसता हसला. बॅगेवर मी छत्रीच्या काळ्या कापडाचा अभ्रा शिवला आहे. तुझी माय म्हणाली, बॅगेला बुरखा घातला.

खरं तर मी वरून तरटाचं शिवण घालणार होतो, दाभण घेऊन बसलोही होतो. पण कुंदन घाबरला. पांढरी पावडर इतकी गुंडाळून नेली तर मला विमानतळावरच बसवून ठेवतील, नोकरी जाईल, म्हणाला. त्याचंही खरं आहे. तरट सोडून दिलं.

डब्यात काय आहे हे तुला एवढ्यात कळलं असेल. रोटाचं पीठ आहे. गेल्या वर्षी तू लिहिलं होतंस, पीठ भिजून गोळा झालं, टाकून दिलं, पुन्हा पाठवू नका. मी वाचलं होतं. मला वाचता येतं. तरी पाठवतो आहे.

हे पत्र तू दुसऱ्या कोणाला वाचून दाखवशील, म्हणून रीत लिहून ठेवतो. कानबाई देवी बसायच्या आदल्या दिवशी भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतात, पाळण्यातल्या मुलाच्याही. ज्याची मूठ पडली तो घरातला. त्या पिठाचे रोट भाऊबंदांनीच खायचे आणि श्रावणी पौर्णिमेच्या आत संपवायचे. उरलं तर जमिनीत पुरायचं. टाकायचं नाही. तू टाकून दिलंस, ते तुला आठवलं नसेल असं मी तुझ्या मायला सांगितलं.

तुझं ते पत्र मी घरातच ठेवायला हवं होतं. पण लक्ष्मण नाना आला, माय रडत होती, त्याने कारण विचारलं, तिने सांगितलं. माझा चुलत भाऊ असला तरी सगळ्या भाऊबंदांत वडील तोच, देवी त्याच्याच घरी बसते. तो म्हणाला, "कानबाईले मान्य नही, म्हणीसन पाणी शिरनं."

एवढंच. पण वर्षभर ते वाक्य आमच्या घरात जेवायला बसत होतं. तुझ्या मायने ते खरं धरलं. परजातीची सून केली म्हणून देवीने मूठ परत केली, असं तिच्या मनाने घेतलं. तुझे सासरे पलीकडच्या गल्लीत राहतात, तेही परमुलखातून आलेले, परभाषेचे, पण माझ्यासारखे लूमवरच म्हातारे झाले. ते रस्त्यात भेटले की तिने मान खाली घालायची, त्यांनीही घालायची. मुलगी झाल्याची बातमी मला त्यांच्याकडूनच कळली. त्यांनी पेढा दिला तो मी चहाच्या टपरीवर उभा राहून खाल्ला, घरी नेला नाही. नाव उज्ज्वला ठेवलं हेही त्यांनीच सांगितलं. चांगलं आहे.

मी मात्र नानाचं ऐकून घेतलं नाही. मी कोणाशी भांडणारा माणूस नाही, हे तुला माहीत आहे. मला दाराची कडी लावली की नाही हे पाहायला परत यावं लागतं. पण पाणी हे पाणी असतं. ते पिशवीत शिरतं ते भोकातून शिरतं, सून कोणत्या जातीची हे विचारून शिरत नाही. कुंदन सुट्टीवर आला तेव्हा मी आधी त्यालाच धरलं. तो म्हणाला, गेल्या वेळी बॅग वरून ओली होती हे खरं, पण आतले माझे कपडे कोरडे होते. ते मी तेव्हा नुसतं ऐकलं, त्याचा अर्थ लावला नाही.

या शनिवारी नानाच्या ओट्यावर मुठी पडल्या. माझी पडली. तुझं नाव आलं तेव्हा नानाने सूप बाजूला ओढलं. मी म्हटलं, मग माझीही काढ. तो म्हणाला, गहू मिसळले, आता त्यातले तुझे कोणते ते मी कसे ओळखू?

"मग माझ्या पोराचे बरे वेगळे ओळखू येतात तुला," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

घरी येऊन तुझी सव्वा मूठ मी एकट्याने घेतली. तुझ्या मायने हात लावला नाही. गिरणीवाल्याने रोटांसाठी जातं धुऊन ठेवलं होतं. दळून आणलं आणि कोणाचा हात लागायच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत घालून गच्च बांधलं, गेल्या वर्षीसारखंच. डब्यात ठेवलं, डबा कुंदनच्या बॅगेत, आणि बॅग मोरीत ठेवून वरून बादलीभर पाणी ओतलं. परीक्षा केल्याशिवाय मला पाठवायचं नव्हतं. शेजारचे बघायला उभे राहिले. सखारामने विचारलं, बापू, बॅगेला अंघोळ कशाला?

दुपारी उघडलं. अभ्रा ओला, बॅग वरून ओली, कपडे कोरडे, डबा कोरडा. आणि आत पिशवीला आतून दव धरलेलं! पीठ कडेने गोळा व्हायला लागलेलं. तुला खोटं कशाला सांगू. नानाचंच खरं, असं क्षणभर मलाही वाटलं.

तुझ्या मायने पिशवी हातात घेतली. उजेडाला धरून पाहिली. मग पिठात बोट घातलं आणि मला म्हणाली, "अजून गरम शे. पाणी बाहेरथून नही उनं, पीठलेच घाम सुटना."

गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. ताटात पसरून थंड करावं, हे घरातल्या कोणत्याही बाईला माहीत असतं. पण मी दोन्ही वर्षं तिला विचारलंच नाही, आणि तिनेही हात लावला नाही. गरम पीठ मी गच्च बांधलं आणि त्याला घाम आला. चूक माझी. योगराज, स्वतःची चूक सापडल्याचा इतका आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता. मी तसाच नानाकडे गेलो, पिठाचा हात घेऊन. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तो घाम बी तिनीच धाडा."

अशा माणसाला काय सांगणार? मी म्हटलं, नाना, तू देवीला चांगलाच कामाला लावलं आहेस. तो उठून आत गेला. अजून बोलत नाही.

परत आलो तर तुझी माय सूप घेऊन बसलेली. ते घामेजलेलं पीठ तिने ताटात पसरून ठेवलं होतं, पंख्याखाली. समोर नवे गहू. मी सांगितलं, सुनेची, सबिताची मूठ मी टाकतो. बायकांची मूठ पडत नाही, हे मला ठाऊक आहे. टाकली. तिने मला अडवलं नाही. मी दुसऱ्यांदा हात घालायला गेलो तशी तिने माझं मनगट धरलं. "नातनी मूठ मी टाकसु," म्हणाली. आणि टाकली, वर पाव मूठ जरा जास्तच.

गिरणीवाला मला पुन्हा आलेला पाहून हसला. "काका, घरमां माणस वध्यां?" मी म्हटलं, हो, वाढली. ते पीठही तुझ्या मायने पसरून थंड केलं, पहिल्यात मिसळलं आणि प्लास्टिक सोडून सुती पिशवीत भरलं.

रविवारी नानाकडे कानबाई बसली. आम्हाला बोलावणं आलं नाही. आम्हीही वाट पाहिली नाही, असं लिहायचं होतं, पण माय दोनदा दारापर्यंत जाऊन आली. मग आम्ही दोघांनी घरातच दिवा लावला आणि तुमच्या पिठातून चिमूटभर घेऊन एक रोट केला, अर्धा अर्धा खाल्ला. भाऊबंदांत बसून खायची सवय, एकट्याने घास फिरतो. पण खाल्ला. पुढच्या वर्षी नानाने सूप पुन्हा ओढलं तर मी माझं सूप घेऊन जाईन. त्याच्याच ओट्यावर बसेन, आणि तिघांची नावं मोठ्याने घेईन. त्याला ऐकायचं नसेल तर त्याने घर सोडून जावं.

आता इथून पुढचं सबिताला वाचून दाखव. तिला मराठी कळतं, याच गल्ल्यांत वाढली आहे, तरी सावकाश वाच.

बेटा सबिता, हे पीठ तुझ्याच हातांनी मळ. योगराजला मळू देऊ नको, त्याला येत नाही. पौर्णिमा सोमवारी आहे, त्याच्या आत करा आणि तिघांनी खा. कुंदनला देऊ नका, त्याला दुसरं काही खाऊ घाला, त्याने फार सोसलं आहे. पोरीला अजून दात नसतील, तिच्या जिभेला नुसतं लावा. जिभेला लागलं की झालं.

आणि एवढं करूनही पीठ ओलं पोचलं, तर मला बरं वाटावं म्हणून कोरडं होतं असं लिहू नका. देवीचं नाव घेऊ नका. बुरशी धरली असेल तरच मातीत पुरा. नुसतं भिजलं असेल तर घाबरू नकोस, मळताना पाणी कमी घाल. पिठात शेवटी पाणीच घालायचं असतं.

तुझा सासरा,
दगा