साहेबांच्या इंग्रजीतली चूक

पिपरटोला, ता. १२ जानेवारी १९५५

ती. मनकर्णाबाईस,
धाकट्या भावाचा, घनश्यामचा शि. सा. न. वि. वि.

बाई, तुझं कार्ड पोचलं. घनश्याम आता साहेब झाला असेल, असं भाऊजी म्हणतात म्हणून लिहिलंस. त्यांना सांग, धानोऱ्यापुढं सात मैलांवर ही जंगलाची कचेरी आहे आणि तीत माणसं तीन. रेंजर साहेब, चपराशी चैतू आणि मी. साहेब महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर असतात. मग कचेरी चैतू चालवतो आणि मी त्याच्या हाताखाली असतो. लोक गोंडीत बोलतात, चैतू ते मराठीत सांगतो, मी इंग्रजीत लिहितो. एवढ्या प्रवासात मूळ माणसाचं म्हणणं किती शिल्लक राहतं, ते मी कधी मोजायला गेलो नाही.

मॅट्रिकच्या इंग्रजीनं मला दोनदा खाली बसवलं, हे तुम्ही कुणी विसरत नाही. यंदा मी जेवणाच्या सुटीत आंब्याखाली बसून व्याकरण मोठ्यानं पाठ करतो. त्याचा उपयोग एवढाच झाला, की चैतू बैलांना 'गो, वेंट, गॉन' म्हणून हाकतो. बैल ऐकतात.

पण प्रगती आहे. मागच्या हप्त्यात साहेबांबरोबर खैरटोल्याला गेलो होतो. तिथली सात घरं डिसेंबरात जळाली. लोकांना घरं उभी करायला सरकारी जंगलातला बांबू हवा आहे. साहेबांनी चांद्याच्या बड्या साहेबांसाठी इंग्रजीत अहवाल लिहिला आणि मला स्वच्छ प्रत करायला दिली. त्यात चक्क एक चूक सापडली! एका वाक्यात दोन नकार घालू नयेत, असं माझ्या पुस्तकात छापलं आहे. साहेबांनी दोन घातले होते. मी एक गुपचूप काढून टाकला. साहेबांनी न वाचता सही केली आणि घोड्यावर बसले.

आईला दंडवत. लोभ वाढला नाही तरी चालेल, आटू मात्र देऊ नये.

तुझा,
घनश्याम


मूल, ता. २६ जानेवारी १९५५

चि. घनश्याम यास बाईचा आशीर्वाद.

तुह्यं पत्र मी आईले दोनदा वाचून दाखवलं. बैलाची गोष्ट आली का ते हासते, अन् मंग इचारते, तिथी वाघ हाय काय. मी सांगतलं, वाघ हाय पण तो इंग्रजी शिकलेल्या माणसाले खात नाई. तवा ते जराशी थंडावली.

भाऊजी गिरणीतून आले का तुह्या साहेबाच्या चुका साऱ्या लोकाइले सांगून राह्यले. आता पोरगी पाहाले काई हरकत नाई म्हणतात. मी म्हटलं, पह्यले मॅट्रिक होऊ द्या.

एक गोष्ट सांगतो, राग नोको मानू. तुह्या पत्रात इंग्रजीवर बारा ओळी हायेत अन् जळलेल्या घरावर दोन. एवढ्या थंडीत ते लोक निजतात कुठी? त्याइची लेकरं कुठी हायेत? पुढच्या कार्डात लिहिजो. अन् भात पातळ करून खाऊ नोको.

माया हाय तशीच राहीन, तू आपली तब्येत राख.

तुही बाई,
मनकर्णा


पिपरटोला, ता. २ मार्च १९५५

ती. बाईस, शि. सा. न. वि. वि.

ते लोक मांडवाखाली राहतात. वर पळसाची पानं आहेत. तुझं पत्र आल्यावर मी जाऊन पाहून आलो. पण आज लिहायचं कारण दुसरं आहे, आणि हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

चांद्याहून उत्तर आलं. खैरटोल्याचा बांबू नामंजूर. कारण दिलं आहे, की तुमच्याच कचेरीच्या मते ही मागणी गैरवाजवी आहे.

साहेबांनी लिहिलं होतं, मागणी गैरवाजवी नाही. इंग्रजीत ते 'नॉट अनरीझनेबल' असं होतं. 'नॉट' हा एक नकार, 'अन्' हा दुसरा. मी व्याकरणाचा पंडित, मी 'नॉट' काढला. बाई, ती चूक नव्हतीच. इंग्रज लोक मुद्दाम असं लिहितात म्हणे, सभ्यपणानं. पुस्तकात ते पुढच्या पानावर होतं आणि त्या पानापर्यंत मी पोचलो नव्हतो.

साहेबांना वाटतं, चांद्याचे बाबू लोक मूर्ख आहेत. आमच्याकडची नक्कल त्यांनी अजून काढून पाहिली नाही. ती माझ्याच कपाटात आहे.

काल खैरटोल्याचा म्हातारा मंगरू आला होता. त्याचंही घर जळालं आहे. चैतूनं त्याला नामंजूर म्हणजे काय ते समजावलं. तो उंबऱ्याशी उकिडवा बसला. मग चैतूला सोडून थेट मलाच मराठीत म्हणाला, "बाबू, आमच्या बोलण्यात काय चुकलं?"

मी कागद सारखे करत राहिलो. ते आधीच सारखे होते.

माझी नोकरी अजून पक्की नाही. एकवीस तारखेपासून चांद्याला परीक्षा. बोललो तर घरी पाठवतील. नाही बोललो तर लोक पुढच्या साली पुन्हा अर्ज करतील, इतकंच. मी काय करू ते लिही. तुझं उत्तर येईपर्यंत मी शहाण्यासारखा गप्प बसतो, म्हणजे खरं तर भेकडासारखा.

तुझा,
घनश्याम


मूल, ता. ८ मार्च १९५५

चि. घनश्याम यास आशीर्वाद.

पत्र कोणाले दाखवलं नाई. चुलीत घातलं.

तुले इंग्रजी येत नाई म्हणून हे झालं नाई. लय येते असं वाटलं म्हणून झालं. ते एक वेळ चालते, लहान होता तवाई तू असाच होता. पण तो म्हातारा स्वतःचीच चूक समजून घरी गेला, हे चालत नाई. तू त्याले जाऊ कसा देल्ला?

पुढच्या साली अर्ज करतीन म्हणतोस. मधात पावसाळा हाय ना भाऊ? पळसाच्या पानाखाली तू राहून दाखव.

साहेबाले सांग. नोकरी गेली तं इथी ये. गिरणीत भाऊजीच्या हाताखाली पोते उचलजो, नाई तं बांधीत धानाचा रोवणा करजो. तुह्या वाटची भाकर या घरात हाय. पण असा लपून राह्यला तं मले पत्र नोको लिहू.

मी रागानं लिहिलं. वाचून झाल्यावर राग फेकून दे अन् बाकीचं ठेव.

बाई


पिपरटोला, ता. ४ एप्रिल १९५५

ती. बाईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड बारा तारखेला आलं. तेरा तारखेला साहेबांपुढं नक्कल ठेवली आणि सांगून टाकलं. भाषण तयार केलं होतं, त्यातलं पहिलं वाक्यच आठवलं नाही.

साहेबांनी नक्कल वाचली. पुन्हा वाचली. मला वाटलं, आता ओरडतील. ते हळू आवाजात म्हणाले, "न वाचता सही मी केली. पण कागदावर चूक तुमचीच राहील, हे समजून असा." मी समजून आहे म्हणालो. मग त्यांनी दुरुस्तीचं पत्र स्वतःच्या हातानं लिहिलं. मला प्रत करायला दिलं नाही. परीक्षेला जातोच आहात तर हे बड्या साहेबांच्या हातात द्या, आणि काय झालं ते तोंडानं सांगा, म्हणाले.

शनिवारी चांद्याला पोचलो तर बडे साहेब गावात नव्हते. सोमवारी अकराला येणार आणि दुपारी सिरोंच्याकडे पंधरा दिवसांच्या दौऱ्यावर निघणार. सोमवारी अकरालाच माझा इंग्रजीचा पेपर.

बाई, मी शूर नाही. सकाळी शाळेच्या फाटकापर्यंत गेलो होतो. पत्र शिपायाकडे दिलं तर चालेल, असं स्वतःला तीनदा पटवलं. पण चूक तोंडानं सांगायची होती, आणि ते तोंड माझ्याकडेच होतं. मी परत फिरलो.

कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर एक वाजेपर्यंत बसलो. बड्या साहेबांनी पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्या वाक्याचा अर्थ विचारला. मी बरोबर सांगितला. यंदाचा माझा इंग्रजीचा पेपर तो एवढाच झाला. त्यांनी नामंजुरी रद्द करतो म्हणून कागदावर लिहिलं आणि जीपमध्ये बसले.

नोकरी राहिली आहे. माझ्या नावापुढं शेरा पडला, की मसुद्यात स्वतःची अक्कल घालू नये. शेरा योग्य आहे. मॅट्रिक मात्र यंदाही नाही. पण या वेळी इंग्रजीत नापास नाही, गैरहजर आहे. हा फरक भाऊजींना नीट समजावून सांग.

येताना खैरटोल्याला उतरलो, चैतू मला घ्यायला तिथं आला होता. मंगरूला सांगितलं, तुमच्या बोलण्यात काही चुकलं नव्हतं, माझ्या लिहिण्यात चुकलं. चैतूनं ते गोंडीत पुन्हा सांगितलं, मला वाटतं थोडं तिखट करून. म्हातारा ऐकून आपल्या कामाला लागला. बायका मात्र बोलल्या. चैतूनं त्याचं मराठी करून द्यायला नकार दिला.

रागावली नसशील तर पत्र लिही.

घनश्याम


मूल, ता. १५ एप्रिल १९५५

चि. घनश्यामले लय लय आशीर्वाद.

भाऊजी म्हणतात, तिसऱ्यांदा गेला. मी त्याइले जेवण वाढलं अन् म्हटलं, आता चूप राहा. आईले मी सारं सांगतलं. ते म्हणाली, पोराले उन्हात लय चालाव लागलं असन.

तुह्यं हे पत्र मी चुलीत घालणार नाई. पावसाच्या आधी ते घरं होतीन काय, तेवढं लिहिजो.

बाई


पिपरटोला, ता. ९ जुलै १९५५

ती. बाईस, शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण सांगण्यासारखं नव्हतं. हुकूम कागदोपत्री फिरत फिरत मेअखेर आला. बांबू तोडून आणेपर्यंत मृग लागला. सहा घरं उभी राहिली. सातवं राहिलं. ते कुंताचं. तिचा नवरा आलापल्लीकडे लाकूडतोडीला गेलेला, घरी ती, सासू आणि दोन वर्षांची मुलगी. माझ्या त्या एका शब्दानं तीन महिने खाल्ले होते, ते तिच्याच वाट्याला आले.

मी माझी खोली त्यांना दिली आणि बिछाना कचेरीत नेला. साहेबांनी पाहिलं. टेबलावर बिछाना मावावा म्हणून दौत उचलून कपाटात ठेवली. अकरा दिवस त्या तिघी खोलीत होत्या. कुंता माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मुलगी बोलायची, पण गोंडीत, आणि चैतू म्हणे ती माझ्या नाकाबद्दल असायचं.

रविवारी मी घर बांधायला गेलो. गाठी मारायचं काम मागितलं. माझ्या गाठी मंगरूनं एकेक सोडून पुन्हा मारल्या. दुपारनंतर त्यानं मला बांबू धरून नुसतं उभं राहायचं काम दिलं. ते मला जमलं.

काल त्या आपल्या घरी गेल्या. निघताना कुंतानं खोली झाडली, दारात थांबली, आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलली. खोलीचं छप्पर कोपऱ्यात गळतं म्हणाली, आणि त्यांच्याकडे नऊ बांबू उरले आहेत. मी तोंड उघडलं, आणि सरकारी नोकराला असा बांबू घ्यायचा तर अर्ज कुणाच्या नावे करावा लागतो, ते सांगू लागलो.

ती म्हणाली, "अर्ज नोको लिहू, बाबू. ये अन् घेऊन जा."

उद्या रविवार आहे. सकाळी मी आणि चैतू बैल जुंपून बंडी घेऊन निघतो.

तुझा,
घनश्याम