शास्त्रात दाखवा

३ मार्च, सोमवार. सकाळी.
डोक्यात तिडीक गेली आहे. आज पहाटे आईला म्हणे प्रभूचं दर्शन झालं. स्वयंपाकघरात, सिंकशेजारी, दूध तापत असताना. प्रभू म्हणाला, थोरल्यानं धाकट्याला माफ करावं. थोरला म्हणजे मी. जगात एवढ्या लढाया चालू आहेत, आणि प्रभूला आमचंच सिंक सापडलं.

धाकटा भाऊ रविवारी निरोप घ्यायला येणार आहे. त्याच संध्याकाळी विमान, बायकामुलांसह कायमचा परदेशी. दर्शनाचं टायमिंग बघा.

स्पष्ट सांगितलं. या घरात दर्शनं, स्वप्नं, आवाज चालणार नाहीत. फक्त शास्त्र, म्हणजे बायबल. शास्त्रात दाखवा, लगेच मान्य करतो.

निश्चय : आजपासून चिडायचं नाही.

सोमवार. संध्याकाळी.
नोंद असावी म्हणून लिहितो. बाबांच्या अंत्यविधीला मी अकरा पानी भाषण लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर धाकटा उठला आणि त्यानं गीत सुरू केलं. चर्चची अख्खी मंडळी उभी राहून गायला लागली. एरवी यांच्या तोंडातून सूर फुटत नाही. तेव्हापासून सहा वर्षं अबोला. चौथ्या पानानंतर दुकानाचा इतिहास होता हे खरं, पण दुकान बाबांनीच काढलेलं, म्हणजे विषयाला धरूनच.

४ मार्च, मंगळवार.
ज्याचं चष्म्याचं दुकान आहे त्याच्याच घरात लोकांना भलतंसलतं दिसतं. धंद्याची बदनामी. आईला दुकानात नेऊन डोळे तपासले. तिनं तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. खाली छापखान्याचं नाव आहे, तेही वाचलं. ते मला दिसत नाही. मोतीबिंदूवर ढकलायची सोय राहिली नाही.

शेजाऱ्याच्या गाडीचा दिवा खिडकीतून पडला असणार, असा निष्कर्ष काढला. आई म्हणाली, असेल बाबा. इतक्या सहज कबूल केलं याचाही राग आला.

६ मार्च, गुरुवार.
पास्टरांना गाठलं. म्हटलं, रविवारी दर्शनांविरुद्ध कडक उपदेश पाहिजे. पास्टर खूश. म्हणाले, अगदी बरोबर, स्वर्गातून दूत उतरला तरी त्याचं बोलणं वचनाशी ताडून पाहायचं. जुळलं नाही तर दूताला दरवाजा दाखवायचा. मी मनात टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी विचारलं, आईंनी नेमकं ऐकलं काय? सांगितलं. पास्टरांनी चष्मा लावून पानं उलटली. मग म्हणाले, हे तर जुळतंय. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात आहे. शिवाय सहावा आणि अठरावाही वाचा म्हणाले.

पास्टर पूर्वीसारखे राहिले नाहीत.

७ मार्च, शुक्रवार.
पाचवा वाचला, सहावा वाचला, अठरावा वाचला. वाचत गेलो तशी परिस्थिती बिघडत गेली. भाषण तोडणाऱ्या भावाचा अपवाद कुठेच नाही. बायकोला म्हटलं, इथे भाऊ म्हणजे मंडळीतला बंधू, सख्खा नव्हे. ती म्हणाली, भाऊजी मंडळीतलेही आहेत आणि सख्खेही, म्हणजे तुम्ही दोन्हीकडून सापडलात.

आईनं तर कहर केला. म्हणाली, दर्शनाचं सोडून दे, झोपेच्या तारेत भास झाला असेल, शास्त्रात लिहिलंय तेवढं मला पुरे. माझंच वाक्य, माझ्याच अंगावर. दर्शनाला चिकटून राहिली असती तर मी तिला दहा मिनिटांत गप्प केलं असतं. हा सरळ सरळ अन्याय आहे.

८ मार्च, शनिवार.
शांतपणे विचार केला. शास्त्र सर्वांसाठी आहे, मान्य. पण माझी केस स्पेशल आहे. रेडीमेड चष्मा सगळ्यांच्या डोळ्यांना चालत नाही. प्रभू आईशी सिंकपाशी बोलू शकतो, तर माझ्याशी दोन शब्द बोलायला काय हरकत? उद्या आवाज आला तर माफ करीन. नाही आला तर मी मोकळा. याला शास्त्रापेक्षा आवाजाला मोठं करणं म्हणत नाहीत. याला कन्फर्मेशन म्हणतात.

बायकोनं विचारलं, सोमवारी तुम्ही काय म्हणाला होतात? तिरकस प्रश्नांना उत्तरं द्यायची नाहीत, हा नवा निश्चय.

९ मार्च, रविवार. सकाळी.
उपासनेला गेलो नाही. खोलीची कडी लावली, गुडघ्यांवर बसलो. काही नाही. गुडघे दुखायला लागले, उशी घेतली. तरी काही नाही. बाहेर शेजाऱ्याचा कुत्रा भुंकतोय. अशा वातावरणात प्रभू तरी काय बोलणार.

रविवार. दुपारी.
धाकटा आला. बाहेर हसणं, कपबशा. एकाग्रता होईना, संताप झाला. बायकोनं तीनदा दार वाजवलं. तिन्ही वेळा सांगितलं, प्रार्थनेत आहे.

शेवटी धाकटा स्वतः दाराशी आला. म्हणाला, दादा, तुला भाषण पुरं करू द्यायला हवं होतं, माझं चुकलं. पण तुझा आवाज कापत होता, हातातली पानं हलत होती. तू सगळ्यांसमोर रडशील असं वाटलं म्हणून मी गीत धरलं.

दार एकदा हलवून पाहिलं. मग म्हणाला, येतो.

मी सगळं ऐकलं. पण हा आवाज दारापलीकडून आलेला. मी मागितलेला वरून यायचा होता. म्हणून हा जमेस धरला नाही. आणखी पाच मिनिटं वाट पाहायचं ठरवलं.

गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं तेव्हा कडी काढली. अनवाणी फाटकापर्यंत गेलो. रस्त्यावर कोणी नव्हतं.

रविवार. चार वाजता.
आवाज आलेला नाही. ठरल्याप्रमाणे मी मोकळा आहे.

त्याचा नंबर मी सहा वर्षांपूर्वी फोनमधून काढून टाकला. आईकडे आहे. ती बाहेर बसून वाचतेय. मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर चिडता आलं असतं.

विमान सातचं आहे. तिच्याकडे नंबर मागायला दोनदा बाहेर गेलो. दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो.