लोह कुठल्या पिंजऱ्याला?

३ मार्च
मॅडमचा नवा प्रयोग सुरू. वीस काळे उंदीर, दहा-दहाचे दोन पिंजरे. यकृताचा पोर्फिरिया हा रोग व्हावा म्हणून दोन्हीकडच्या खाण्यात औषध. लोहाचं इंजेक्शन मात्र एकाच पिंजऱ्याला. लोहामुळे रोग लवकर होतो का, एवढाच प्रश्न. सहा आठवड्यांनी जांभळ्या दिव्याखाली लघवी तपासायची. रोग असला तर लाल चमकते. इंजेक्शनं माझ्याकडे. वीस वर्षांत एक चूक नाही. मॅडम म्हणाल्या, तुम्ही असलात की मी निर्धास्त असते.

४ मार्च, दुपारी
मॅडमनी दाखवलेल्या पिंजऱ्याला इंजेक्शनं दिली. पिंजरे नुकतेच धुतलेले, म्हणून त्यांवरची 'लोह' आणि 'बिनलोह' अशी कार्डं टेबलावर काढलेली. तेवढ्यात मेव्हण्याचा फोन. फोन ठेवला, कार्डं लावली. काम फत्ते.

४ मार्च, संध्याकाळी ७
बरोबर लावली ना?
लावलीच असणार. हाताला सवय असते.

५ मार्च
चहा तसाच ठेवून उठलो. लोह दिलं हे नक्की. पण डावीकडे की उजवीकडे? उद्या मॅडमना स्पष्ट सांगायचं. ठरलं.

६ मार्च
मॅडमना सर्दी. आजारी माणसाला ताप नको.

९ मार्च
हिला सांगितलं. ही म्हणाली, सांगून मोकळे व्हा, त्या काय खाणार आहेत का तुम्हाला? हिला विज्ञानातलं काय कळतं! उंदरांच्या कानांवर नंबरच्या खुणा आहेत, पण कुठला नंबर कुठल्या गटात ते रजिस्टरमध्ये. रजिस्टर मॅडमच्या कपाटात, किल्ली पर्समध्ये. म्हणजे विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि विचारलं की मेलोच.

१७ मार्च
घाबरायचं नाही असा संकल्प. फक्त शास्त्रीय निरीक्षण. 'बिनलोह' कार्डाचे उंदीर मरगळलेले वाटतात. एक तर मला बघून मागे सरकला.

२४ मार्च
हातातून पाण्याची बाटली निसटली. बरं नाही का, मॅडमनी विचारलं. म्हणालो, थंडी वाजतेय. पंखा पाचावर होता. त्यांची दोन वर्षं या प्रयोगाच्या तयारीत गेलीत. बिघडला तर आणखी वीस उंदीर मरणार, माझ्यापायी. संकल्प रद्द. भीती वाटते.

२ एप्रिल
आता शंभर टक्के खात्री. कार्डं उलटी लागलीत. अनुभवी डोळ्याला बरोबर कळतं. आणि चूक आपणहून दुरुस्त करणं हा प्रामाणिकपणाच. जेवणाच्या सुट्टीत कार्डांची अदलाबदल केली. दहा सेकंदांचं काम. चार आठवड्यांनी पोटभर जेवलो.

३ एप्रिल, सकाळी ६
आणि आधीच बरोबर असली तर?

५ एप्रिल
पुन्हा बदलायला गेलो. मॅडम दारात. पिंजरा पुसत बसलो. तीनदा पुसला.

१५ एप्रिल
आज दिवा. खोलीत अंधार केला. 'लोह'वाल्यांची लघवी काहीच चमकेना. 'बिनलोह'वाल्यांची लालभडक. मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. मग उठल्या, रजिस्टर काढलं आणि एकेका उंदराचा कान तपासायला लागल्या. विसावा कान झाल्यावर म्हणाल्या, ज्यांना द्यायचं त्यांनाच लोह दिलंय तुम्ही, इंजेक्शनं चोख आहेत. कार्डं तेवढी उलटी कशी?

म्हणजे चूक झालीच नव्हती. मी ती दुरुस्त करेपर्यंत.

सगळं सांगून टाकलं. रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. एवढंच विचारलं, याआधी कधी कार्डं बदललीत? मी छातीवर हात ठेवून नाही म्हणालो.

१६ एप्रिल
मॅडमनी मागच्या तीन प्रयोगांची रजिस्टरं काढलीत. माझ्या जुन्या रोजनिशा माळ्यावर आहेत. ही म्हणाली, मग बघा की काढून, शंका तरी फिटेल. मी नको म्हणालो. माळ्यावर धूळ फार आहे.